कोकण किनाऱ्यावरील अतिमासेमारी आणि पारंपरिक मच्छीमार

कोकण किनाऱ्यावरील अतिमासेमारी म्हणजे महाराष्ट्र व गोवा या राज्यांच्या किनाऱ्यालगतच्या अरबी समुद्रातून मासळीच्या नैसर्गिक पुनरुत्पादनाच्या वेगापेक्षा अधिक वेगाने होणारी मासळीची उचल होय. तळ खरवडणारी ट्रॉल जाळी, माशांचा संपूर्ण थवा वेढणारी पर्ससीन जाळी आणि प्रखर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने केली जाणारी मासेमारी ही तिची प्रमुख साधने मानली जातात. रापण, डोल, गिलनेट व गळ या साधनांवर अवलंबून असलेल्या कोळी, गाबीत, भंडारी, खारवी, मांगेला, दालदी आदी समाजांतील मच्छीमार कुटुंबांवर तिचा सर्वाधिक परिणाम झाला आहे. १९७० च्या दशकात गोव्यात रांपणकारांच्या आंदोलनातून हा प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आला. पुढे सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांत पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यातील संघर्षाच्या रूपाने तो कायम राहिला.

## पार्श्वभूमी

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर, तर गोव्याला सुमारे १०५ किलोमीटर लांबीचा किनारा असल्याचे दीर्घकाळ नोंदवले जात आले आहे. २०१० च्या सागरी मत्स्यव्यवसाय गणनेनुसार महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे, ८१,४९२ मच्छीमार कुटुंबे आणि सुमारे ३ लाख ८६ हजार मच्छीमार लोकसंख्या होती. गोव्यात ही संख्या ३९ गावे व २,१८९ कुटुंबे इतकी होती. त्याच गणनेत महाराष्ट्रात १३,०१६ यांत्रिक नौका, १,५६३ बाहेरून इंजिन बसवलेल्या नौका आणि २,७८३ बिगरयांत्रिक होड्या नोंदवल्या गेल्या.

या आकड्यांवरून यांत्रिक नौका म्हणजे औद्योगिक मासेमारी असा सरसकट अर्थ काढता येत नाही. पालघर, मुंबई व रायगड भागांतील डोलकरांच्या अनेक नौकांनाही इंजिन असते. तेथे इंजिनाचा उपयोग जाळ्यापर्यंत जाण्यासाठी होतो, जाळे ओढत समुद्र पिंजून काढण्यासाठी नाही. त्यामुळे या वादात नौकेला इंजिन आहे की नाही यापेक्षा जाळे मासळीकडे जाते की मासळी जाळ्याकडे येते, हा फरक अधिक महत्त्वाचा ठरतो.

## मासेमारीच्या पारंपरिक पद्धती

### रापण

रापण हे किनाऱ्यावरून ओढले जाणारे लांब जाळे आहे. गोव्यात त्यास रांपण, तर कर्नाटकात रंपणी म्हणतात. पाण्याचा बदललेला रंग, पृष्ठभागावरील हालचाल किंवा पक्ष्यांची गर्दी यांवरून जाणकार मच्छीमार थवा ओळखतात. त्यानंतर होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार सोडले जाते आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढली जातात. एका रापणीस पन्नास-साठ किंवा त्याहून अधिक माणसे लागतात. त्यामुळे मालवण, वेंगुर्ले व देवगड तालुक्यांत अनेक कुटुंबांनी मिळून चालवलेले रापण संघ अस्तित्वात आले. मिळालेल्या मासळीचे जाळ्याचे, होडीचे व माणसांचे असे वाटे पाडले जातात. दोर ओढण्यास हात लावणाऱ्या गावकऱ्यासही मासळी देण्याची रीत आहे.

रापणीचे मुख्य मासे म्हणजे बांगडा व तारली. पावसाळा संपल्यानंतर हे मासे मोठ्या थव्यांनी किनाऱ्याजवळ येतात. सप्टेंबरपासून पुढचे काही महिने म्हणूनच रापणीचा मुख्य हंगाम असतो.

### डोल

डोल हे पिशवीच्या आकाराचे स्थिर जाळे असून ते समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधले जाते. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर वाहत येणारी मासळी त्यात शिरते. उत्तर कोकणात भरती-ओहोटीतील फरक मोठा असल्याने ही पद्धत तेथे रुजली. बोंबील, जवळा, मांदेली व कोळंबी ही तिची मुख्य मासळी होय.

### गिलनेट, गळ व खाडीतील मासेमारी

पापलेट, सुरमई, रावस व घोळ यांसारख्या मोलाच्या माशांसाठी पाण्यात पडद्यासारखी उभी सोडलेली गिलनेट जाळी वापरतात. दक्षिण कोकणात उलांडी लावलेल्या लहान होडीतून गळाने मासे धरण्याची पद्धत आहे. खाड्यांमध्ये पागाने मासे धरले जातात. तिसऱ्या, मुळे व कालवे गोळा करण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात.

या बहुतेक पद्धतींत मासळी किनाऱ्याजवळ किंवा जाळ्यापर्यंत येण्याची वाट पाहिली जाते. किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर थवा आधीच उचलला गेल्यास त्यामागे जाण्याचे साधन पारंपरिक मच्छीमाराकडे नसते. त्यामुळे समुद्रातील एकूण साठा घटण्यापूर्वीच, साठ्याची वाटणी बदलल्याबरोबर, त्याचे उत्पन्न घटू लागते.

## यांत्रिकीकरणाचा इतिहास

स्वातंत्र्यानंतर भारतात मत्स्योत्पादन वाढवण्यासाठी यांत्रिकीकरणाचे धोरण स्वीकारण्यात आले. १९५३ साली केरळमध्ये सुरू झालेला भारत-नॉर्वे प्रकल्प हा त्याचा महत्त्वाचा टप्पा होता. कोळंबीला परदेशी बाजारात मोठी मागणी निर्माण झाल्यावर १९६० च्या दशकात तळाशी ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांचा प्रसार पश्चिम किनाऱ्यावर वेगाने झाला. सरकारी कर्जे व अनुदाने यांनी त्यास चालना दिली. १९६१ साली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाल्यानंतर गोव्यातही हेच धोरण राबवण्यात आले.

१९७० च्या दशकाच्या मध्यास कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांची व्यापारी मासेमारी सुरू झाली. बांगडा व तारली हेच तिचे लक्ष्य असल्याने ती थेट रंपणीच्या स्पर्धेत उतरली आणि काही वर्षांतच कर्नाटकातील रंपणी जवळजवळ नामशेष झाली. गोव्यातील रांपणकारांपुढे व नंतरच्या काळात सिंधुदुर्गातील रापणकरांपुढे हे उदाहरण होते. महाराष्ट्रात पर्ससीनचा मोठा विस्तार तुलनेने उशिरा झाला. रत्नागिरीजवळील मिरकरवाडा बंदर हे त्याचे प्रमुख केंद्र बनले.

१९९१ नंतर केंद्र सरकारने खोल समुद्रातील मासेमारीसाठी परदेशी भागीदारीतील जहाजांना परवाने देण्याचे धोरण आखले. त्यास देशभरातील मच्छीमार संघटनांनी विरोध केला व संप पुकारले. त्यानंतर नेमलेल्या मुरारी समितीने १९९६ साली अहवाल सादर करून असे परवाने रद्द करण्याची शिफारस केली.

## अतिमासेमारीची साधने व कार्यपद्धती

ट्रॉल – शंकूच्या आकाराचे हे जाळे नौकेमागे ओढले जाते. तळाशी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात कोळंबीबरोबर लहान मासे, खेकडे व अन्य तळजीवही सापडतात. अपरिपक्व व कमी किमतीची ही मासळी मत्स्यभुकटी व मत्स्यतेल तयार करणाऱ्या कारखान्यांकडे जाते. वाढ पूर्ण झाल्यावर जो मासा खाद्य म्हणून चांगल्या दराने विकला गेला असता, तो अशा रीतीने किरकोळ दराने कच्चा माल ठरतो.

पर्ससीन – शेकडो मीटर लांबीचे हे जाळे थव्याभोवती गोलाकार सोडले जाते. खालच्या काठावरील कड्यांतून जाणारा दोर ओढताच जाळ्याचा तळ बटव्याच्या तोंडासारखा आवळला जातो व संपूर्ण थवा अडकतो. एका फेरीत मोठ्या प्रमाणावर मासळी मिळत असल्याने इंधन व मजुरीचा खर्च भरून निघतो. मात्र एकाच वेळी बाजारात आलेल्या मासळीमुळे दर कोसळतात व त्याचा फटका त्या दिवशी थोडीच मासळी मिळालेल्या लहान मच्छीमारासही बसतो.

एलईडी दिवे – जनित्रावर चालणारे प्रखर दिवे रात्री पाण्यावर किंवा पाण्याखाली सोडल्यास बांगडा, माकूळ व अन्य जीव प्रकाशाकडे आकर्षित होऊन एका जागी जमतात. ते नंतर जाळ्याने वेढले जातात. विखुरलेल्या मासळीला एकत्र आणणारी ही पद्धत साठा विरळ झाल्यावरही भरघोस मासळी देते. त्यामुळे साठा घटत असल्याची सूचना मासेमारी करणाऱ्यास उशिरा मिळते.

वेगवान ट्रॉलर – शक्तिशाली इंजिनांचे, परराज्यांतून येणारे ट्रॉलर महाराष्ट्राच्या जलधी क्षेत्रात शिरून मासेमारी करतात, अशी सिंधुदुर्ग व रत्नागिरीतील मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. गस्ती नौकांपेक्षा त्यांचा वेग अधिक असल्यास त्यांना रोखणे अवघड जाते.

यांत्रिक नौकांची संख्या वाढत गेल्यावर प्रत्येक नौकेच्या वाट्याची मासळी घटते. कर्जाचे हप्ते व डिझेलचा खर्च मात्र घटत नाही. परिणामी मालकास अधिक दिवस, अधिक दूर व अधिक बारीक आसाच्या जाळ्याने मासेमारी करावी लागते. डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा सहकारी संस्थांमार्फत यांत्रिक नौकांना मिळतो. वल्ह्यावर वा शिडावर चालणाऱ्या होडीला अर्थातच त्याचा लाभ होत नाही. इंधनासाठी दिलेली मदत अधिक इंधन जाळणाऱ्या नौकेकडे अधिक जाते, हा अशा अनुदानांवरील प्रमुख आक्षेप आहे.

## परिणाम

### मासळीच्या साठ्यांवर

कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रातील सागरी मत्स्योत्पादन २०१८ साली २.९५ लाख टन होते. २०१९ साली ते २.०१ लाख टनांवर आले. हे त्यापूर्वीच्या ४५ वर्षांतील सर्वांत कमी उत्पादन होते. या घटीस केवळ अतिमासेमारी कारणीभूत नव्हती. त्या वर्षी अरबी समुद्रात 'क्यार' व 'महा' यांसह अनेक चक्रीवादळे आल्याने मासेमारीचे बरेच दिवस वाया गेले.

पापलेटाच्या बाबतीत लहान आकाराचे मासे मोठ्या प्रमाणावर पकडले जाणे ही गंभीर समस्या मानली जाते. पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे पापलेटासाठी प्रसिद्ध बंदर असून तेथील मच्छीमार संस्थांनी पिल्लांची मासेमारी रोखण्याची मागणी वारंवार केली. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटास राज्यमाशाचा दर्जा दिला.

### उत्पन्न व रोजगारावर

रापण ओढण्यास अनेक माणसे लागत असल्याने मासळी कमी झाली तरी मनुष्यबळाची गरज तितकीच राहते. काही फेऱ्या रिकाम्या गेल्यास प्रत्येकाच्या वाट्याला येणारी मासळी नगण्य होते. तरुण अन्य कामांकडे वळतात आणि जाळे ओढण्यास माणसे अपुरी पडल्याने संघ बंद पडतो. एखाद्या नौकेच्या नुकसानीसारखे हे नुकसान एका मालकापुरते राहत नाही. संघाबरोबर वाट्याची पद्धत, जाळे दुरुस्त करण्याचे सामूहिक काम आणि थवा ओळखण्याचे ज्ञानही लोप पावते.

गिलनेट मच्छीमारांची आणखी एक अडचण म्हणजे जाळ्यांचे नुकसान. रात्री पाण्यात सोडलेल्या जाळ्यांवरून ट्रॉलर गेल्यास जाळी फाटतात किंवा वाहून जातात. अंधारात नौकेची ओळख पटत नसल्याने भरपाई मिळवणे कठीण असते.

विस्थापित झालेल्या मच्छीमारांपैकी काही जण ट्रॉलर वा पर्ससीन नौकांवर खलाशी म्हणून जातात. मालवण परिसरात अनेक कुटुंबे पर्यटनाकडे वळली असून नौकाविहार, निवास-न्याहारी व जलक्रीडा हे त्यांच्या उत्पन्नाचे मार्ग झाले आहेत. पर्यटनाचा लाभ मोक्याच्या किनाऱ्यांवरील गावांना अधिक मिळतो. खाडीच्या आतील गावांना तो क्वचितच मिळतो.

### स्त्रियांवर

कोकणात पुरुष मासे धरतात आणि स्त्रिया ते विकतात वा सुकवतात, अशी कामाची सर्वसाधारण विभागणी आहे. गावच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी कोळीण पाटीत घालून जवळच्या बाजारात नेत असे. किंमत ठरवणे, उधारी सांभाळणे व घरखर्च भागवणे तिच्या हाती असे. मोठ्या नौकांची मासळी मात्र ससून डॉक, भाऊचा धक्का वा मिरकरवाडा यांसारख्या बंदरांवर उतरते. तेथे तिचा घाऊक लिलाव होतो आणि ती व्यापारी व निर्यातदारांच्या हाती जाते. लहान विक्रेतीला एकतर अडत्याकडून चढ्या दराने माल घ्यावा लागतो किंवा पहाटेच दूरच्या बंदरापर्यंत प्रवास करावा लागतो.

सुक्या मासळीचा धंदाही याच कारणाने आक्रसला. बोंबील, जवळा, मांदेली व बांगडा सुकवून पावसाळ्यातील बेगमी केली जात असे. स्वस्त लहान मासळी मत्स्यभुकटीच्या कारखान्यांकडे वळल्याने सुकवण्यासाठी लागणारा कच्चा माल महागला. मासळी उतरवल्यानंतरची ही कामे मासेमारीच्या आकडेवारीत नोंदवली जात नसल्याने स्त्रियांचे नुकसान भरपाईच्या हिशेबातून बहुधा वगळले जाते.

### आहारावर

बांगडा व तारली हे कोकणातील सर्वसामान्य घरांचे स्वस्त प्रथिन होते. या माशांची उपलब्धता व दर यांतील चढ-उतारांचा परिणाम मच्छीमारांइतकाच किनाऱ्यावरील शेतमजूर व कष्टकरी कुटुंबांच्या ताटावर होतो.

## आंदोलने व संघर्ष

गोव्यातील रांपणकारांनी १९७० च्या दशकात ट्रॉलरना किनाऱ्याजवळ मासेमारी करण्यास मनाई करावी, या मागणीसाठी मोर्चे, उपोषणे व सत्याग्रह केले. शिक्षक असलेले माथानी साल्ढाणा हे या आंदोलनाचे प्रमुख नेते होते. ते पुढे गोव्याचे मंत्रीही झाले. समुद्रात ट्रॉलरधारक व रांपणकार यांच्यात हिंसक चकमकीही झाल्या. या आंदोलनाचा संबंध देशाच्या अन्य किनाऱ्यांवरील लहान मच्छीमारांशी जुळला आणि १९७८ साली राष्ट्रीय पातळीवरील संघटना स्थापन झाली. तीच पुढे 'नॅशनल फिशवर्कर्स फोरम' म्हणून ओळखली जाऊ लागली.

सिंधुदुर्गात पारंपरिक मच्छीमारांनी पर्ससीन व एलईडी मासेमारीविरुद्ध वेळोवेळी मोर्चे काढले. जाळी फाटणे, समुद्रात एकमेकांच्या नौका अडवणे व त्यातून होणाऱ्या हाणामाऱ्या अशा घटना मालवण, देवगड व वेंगुर्ले तालुक्यांत घडल्या. या संघर्षाचे वैशिष्ट्य असे की दोन्ही बाजूंस बहुधा एकाच समाजातील, क्वचित एकाच गावातील माणसे असतात. पर्ससीन नौकेचा मालक पूर्वीचा रापणकर असू शकतो आणि तिच्यावरील खलाशी बंद पडलेल्या रापण संघाचा सदस्य.

## कायदे व धोरणे

### राज्य व केंद्र यांची अधिकारकक्षा

भारतीय संविधानानुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे, तर जलधी क्षेत्राबाहेरील मासेमारी संघसूचीत येते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, राज्याचे नियम लागू होतात. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रावर केंद्राचा अधिकार चालतो. मासळीचे थवे ही सीमा पाळत नाहीत. राज्याच्या हद्दीत बंदी असलेली मासेमारी हद्दीबाहेर केल्याचा दावा करून मासळी त्याच बंदरावर उतरवता येते, ही या विभागणीतील मोठी त्रुटी आहे.

### गोवा व महाराष्ट्रातील अधिनियम

केंद्राने नेमलेल्या मजुमदार समितीच्या कामानंतर राज्यांसाठी आदर्श विधेयक तयार करण्यात आले. त्याआधारे गोवा व केरळ यांनी १९८० साली, तर महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम केले. गोव्यात किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मासेमारीसाठी राखून ठेवण्यात आला. महाराष्ट्रात ही मर्यादा अंतराऐवजी मुख्यतः पाण्याच्या खोलीवर, म्हणजे वावांवर, आधारलेली होती. किनाऱ्याचा उतार सर्वत्र सारखा नसल्याने राखीव पट्ट्याची रुंदी जागोजागी बदलते. समुद्रातून किनाऱ्याकडे पाहून ती सीमा ओळखता येत नाही.

### पर्ससीनवरील निर्बंध

महाराष्ट्र शासनाने पर्ससीन मासेमारीच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेचे माजी महासंचालक डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढण्यात आला. त्यानुसार उत्तरेकडील झाईपासून मुरुडपर्यंतच्या पट्ट्यात पर्ससीनला मनाई करण्यात आली. दक्षिणेकडे ठरावीक खोलीपलीकडे १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळातच परवानगी देण्यात आली. परवान्यांची संख्या ४९४ वरून टप्प्याटप्प्याने २६२ व अखेर १८२ पर्यंत कमी करण्याचे धोरणही जाहीर झाले.

हा परवानगीचा काळ आणि रापणीचा मुख्य हंगाम एकच आहे. त्यामुळे आदेशाने मासेमारीचे एकूण प्रमाण कमी केले, तरी थवे किनाऱ्याकडे येण्याच्या महिन्यांतच स्पर्धा कायम ठेवली, असा पारंपरिक मच्छीमारांचा आक्षेप आहे.

पर्ससीनवर राज्याला बंदी घालता येते काय, हा प्रश्न केरळच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. 'केरळ राज्य विरुद्ध जोसेफ अँटनी' या प्रकरणात न्यायालयाने १९९३ साली राज्याच्या जलधी क्षेत्रातील बंदी वैध ठरवली. असंख्य पारंपरिक मच्छीमारांची उपजीविका व मत्स्यसंपत्तीचे रक्षण यांसाठी व्यवसायस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हे त्या निर्णयाचे सार आहे. जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १२ सागरी मैलांपलीकडे पर्ससीन मासेमारीस अंतरिम स्वरूपाची, आठवड्यातून दोन दिवसांची सशर्त परवानगी दिली.

### एलईडी बंदी व नंतरचे बदल

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी वा अन्य कृत्रिम दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०२१ साली आपल्या अधिनियमात सुधारणा केली. पूर्वी खटल्यांचा निवाडा तहसीलदार करीत असत. सुधारणेनंतर हा अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आला. एलईडी मासेमारीसाठी २० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली.

२०२३ साली राज्याने ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार निश्चित केला. पापलेटासाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर, तर सुरमईसाठी ३७० मिलिमीटर आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी नियम अधिसूचित केले. त्यांत एलईडी मासेमारी व दोन नौकांनी मिळून ओढायच्या ट्रॉलला मनाई असून सहकारी संस्थांना प्राधान्य देण्याची तरतूद आहे.

### पावसाळी मासेमारी बंदी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना तीतून सूट आहे. महाराष्ट्रात पूर्वी बंदीची अखेर नारळी पौर्णिमेशी जोडलेली असे. किनाऱ्यावरील प्रथेनुसार समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच नौका समुद्रात लोटली जाते. काही मच्छीमार संस्था आजही ही प्रथा पाळतात आणि बंदीचा काळ नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवण्याची मागणी करतात.

## अंमलबजावणीतील अडचणी

राज्यातील मोठ्या किनाऱ्याच्या तुलनेत मत्स्यव्यवसाय विभागाकडील गस्ती नौका व कर्मचारी यांची संख्या अपुरी आहे. नियमभंग समुद्रात होतो व पुरावा मात्र बंदरावर सादर करावा लागतो. मासळी उतरेपर्यंत नौका कोठे होती, कोणते जाळे वापरले गेले, दिवे लावले होते काय, हे सिद्ध करणे कठीण असते. जप्त केलेली मासळी नाशवंत असल्याने तिचा लगेच लिलाव करावा लागतो. दंडाची रक्कम एका रात्रीच्या उत्पन्नाहून कमी असेल, तर ती व्यवसायाचा खर्च ठरते. २०२१ ची दंडवाढ याच अनुभवातून झाली. जानेवारी २०२५ पासून महाराष्ट्रात अवैध मासेमारीवर नजर ठेवण्यासाठी ड्रोनचा वापर सुरू करण्यात आला.

## मतमतांतरे

पर्ससीनधारकांच्या मते बांगडा व तारली हे अल्पायुषी, जलद वाढणारे आणि स्थलांतर करणारे मासे आहेत. ते वेळेत पकडले नाहीत तर शेजारच्या राज्यांतील नौका पकडतील. कर्ज काढून घेतलेल्या नौकांवर हजारो खलाशी, बर्फ कारखाने व वाहतूकदार अवलंबून आहेत, असेही ते मांडतात. तारलीच्या साठ्यात समुद्राच्या तापमानातील व प्रवाहांतील बदलांमुळे मोठे नैसर्गिक चढ-उतार होतात, ही बाब शास्त्रज्ञांनीही मान्य केली आहे.

पारंपरिक पद्धती सर्वस्वी निरुपद्रवी असतात, असेही नाही. डोल जाळ्याचा आस बारीक असल्याने त्यात पापलेटासह अनेक माशांची पिल्ले सापडतात. डोलीचे खुंट कोठे रोवावेत यावरून उत्तर कोकणातील गावांमध्येही दीर्घकाळ वाद आहेत. याखेरीज खाड्यांमधील औद्योगिक व शहरी सांडपाणी, कांदळवनांचा ऱ्हास, किनाऱ्यावरील भराव, बंदर प्रकल्प आणि अरबी समुद्रातील वाढती चक्रीवादळे यांचाही मासेमारीवर परिणाम होतो. २०२४ साली केंद्राची मंजुरी मिळालेल्या पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरास स्थानिक मच्छीमारांनी याच कारणास्तव विरोध केला आहे.

या सर्व कारणांचा भार मात्र सारखा पडत नाही. साठा घटल्यास मोठी नौका दूर जाऊ शकते, जाळे बदलू शकते किंवा दुसऱ्या बंदरावर मासळी उतरवू शकते. रापण ज्या पुळणीवर ओढली जाते, ती पुळण हलवता येत नाही.

## जागतिक संदर्भ

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मूल्यमापनानुसार जगातील अतिमासेमारी झालेल्या सागरी साठ्यांचे प्रमाण १९७४ साली सुमारे १० टक्के होते. २०२१ साली ते ३७.७ टक्के झाले. याच संघटनेने २०१४ साली लहान प्रमाणावरील मासेमारीसाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. पारंपरिक मच्छीमारांचे समुद्रावरील व किनाऱ्यावरील हक्क मान्य करणे आणि मासळी उतरवल्यानंतरची स्त्रियांची कामे मत्स्यव्यवसायाचाच भाग मानणे, यांवर त्यांत भर आहे. शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी १४ व्या उद्दिष्टातही लहान मच्छीमारांना सागरी संसाधने व बाजारपेठ उपलब्ध करून देण्याचे लक्ष्य समाविष्ट आहे.

जागतिक व्यापार संघटनेत जून २०२२ मध्ये मत्स्यव्यवसाय अनुदानांविषयीचा करार संमत झाला. वाटाघाटींत भारताने लहान व निर्वाह पातळीवरील मच्छीमारांना मिळणारे साहाय्य कायम ठेवण्याची आणि दूरच्या समुद्रात मोठे ताफे पाठवणाऱ्या देशांवर अधिक कडक बंधने घालण्याची भूमिका मांडली. जगातील मोठ्या व लहान ताफ्यांमधील हाच भेद देशांतर्गत अनुदानांच्या वाटपातही केला जावा, अशी पारंपरिक मच्छीमार संघटनांची मागणी आहे.